हजिऱ्यातील पहिले गाणे

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाशी जाऊ लागले आणि लष्करच्या बाजारात गजकाच्या दुकानांपुढे भाजलेल्या तिळाचा वास दरवळू लागला, की आमच्या घरी एका ठराविक चौकशीला प्रारंभ होतो. इंदूरची भाची दूरध्वनी करते, बडोद्याचे व्याही निरोप पाठवितात, पुण्यास स्थायिक झालेला एखादा जुना शेजारी विचारतो, "यंदा तानसेन समारोहात कोण कोण आहे? कोणत्या दिवशी यावे?" प्रश्न रास्तच आहे. गाडीचे आरक्षण करावयाचे, रजा टाकावयाची, डिसेंबरातल्या आमच्याकडच्या धुक्याने गाडी किती तास रखडेल याचा हिशेब धरावयाचा. तेव्हा नावे आधी कळलेली बरी. ती नावे यथाकाल वर्तमानपत्रांत येतील. आम्ही मात्र गेली काही वर्षे या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो आहोत आणि विचारणाऱ्यास ते चमत्कारिक वाटते. आम्ही म्हणतो, "सवडीने कोणत्याही दिवशी या, पण सभेचे पहिले गाणे चुकवू नका."

"पहिले गाणे कोणाचे?"

"मुलांचे."

यावर बहुधा पलीकडे क्षणभर शांतता असते. मग विषय बदलून हवापाण्याची चौकशी होते.

ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करावयास हवा. किल्ल्याच्या पायथ्याशी, हजीरा नावाच्या वस्तीत, महंमद गौस यांचा जाळीदार दगडी भिंतींचा भव्य मकबरा आहे आणि त्याच्याच आवारात तानसेनाची लहानशी समाधी आहे. शिष्याने गुरूच्या शेजारी, पण आपला आब राखून बसावे, तशी ती दिसते. जवळच चिंचेचे झाड आहे. त्याचा पाला खाल्ला की गळा सुरेल होतो अशी समजूत असल्यामुळे मूळ झाड गवयांनी आणि शाळांच्या सहलींनी मिळून केव्हाच संपविले. आज दिसते ते नंतरचे. याच जागी १९२४ साली शिंदे सरकारांच्या अमदानीत उरुसाच्या रूपाने हा उत्सव सुरू झाला. २०२४ च्या डिसेंबरात त्याचा शंभरावा समारोह झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२३ साली, युनेस्कोने ग्वाल्हेरला 'संगीताचे नगर' म्हणून आपल्या यादीत घेतले होते; त्यामुळे दोन वर्षे आमच्या गावात भिंतीभिंतीवर तंबोरे रंगले. रंगलेले तंबोरे वाजत नाहीत, एवढीच त्यांची अडचण. असो.

समारोहाच्या पहिल्या सकाळी समाधीपाशी सनई वाजते, ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतील कीर्तनकार हरिकथा सांगतात, त्यानंतर मीलाद होतो आणि चादर चढते. हरिकथा आणि मीलाद एकाच बैठकीत, एकाच समाधीपुढे होतात, आणि त्यांत कोणाला काही विशेष वाटत नाही. आमच्या गावच्या ज्या थोड्या गोष्टींचा आम्हांस मनापासून अभिमान वाटतो, त्यांत ही एक. हरिकथेसाठी आमच्या मराठी घरांतली वडीलधारी मंडळी आवर्जून येतात. पण पुढे, म्हणजे प्रत्यक्ष संगीतसभांना जेव्हा आरंभ होतो, तेव्हा काय घडते हे सांगण्यासाठी हा सारा प्रपंच.

प्रत्येक सभेचा आरंभ ध्रुपदाने होतो. ते ध्रुपद गावातल्या संगीत विद्यालयांचे विद्यार्थी समूहाने गातात. आज माधव संगीत महाविद्यालयाची मुले, उद्या शंकर गांधर्व महाविद्यालयाची, परवा आणखी एखाद्या संस्थेची. पंधरावीस मुलेमुली, एक-दोन तंबोरे, एक पखवाज, आणि बाजूला चेहऱ्यावरची काळजी लपविण्याचा निष्फळ प्रयत्न करणारे गुरुजी. दहापंधरा मिनिटांत सारे आटोपते. त्या वेळी मंडपात अर्ध्याअधिक खुर्च्या रिकाम्या असतात. जे आलेले असतात ते जागा धरीत असतात, ओळखीच्यांना हात करीत असतात, चहा कोठे मिळेल याची चौकशी करीत असतात. मुलांचे गाणे संपते, टाळ्यांचा पातळसा आवाज होतो, आणि मग 'खरा' कार्यक्रम सुरू होणार म्हणून मंडळी सावरून बसतात.

हे सारे आम्ही दोषारोप म्हणून लिहीत नाही. वीस वर्षे आम्ही स्वतः हेच केले. सभा दहाची असेल तर आम्ही घरून दहाला निघत होतो.

या विद्यालयांची जन्मकथा आमच्या नव्या पिढीला ठाऊक नाही, म्हणून तीही सांगतो. एके काळी ग्वाल्हेरचे गाणे शिकावयाचे म्हणजे उस्तादाच्या घरी पडून राहावयाचे. हद्दूखाँ आणि हस्सूखाँ या भावांची गोष्ट प्रसिद्धच आहे. दरबारात बडे महंमदखाँ गात असत. त्यांची तान उचलावी म्हणून या पोरांना पडद्याआड बसवून महिनोन् महिने ते गाणे ऐकविले, असे सांगतात. गोष्टीत मीठमिरची किती हे देव जाणे. पण तिच्यातला गाभा आम्हांस फार मोलाचा वाटतो. ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीची सुरुवात गाण्याने नव्हे, ऐकण्याने झाली.

पुढे याच गावी आपली मराठी पोरे आली. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा (१८४९–१९२६) येथे वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी शिकले आणि ते गाणे घेऊन दक्षिणेत परतले. मिरजेस त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले आणि त्यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. महाराष्ट्रात आज घरोघर जो ख्याल ऐकू येतो, त्याचा एक मोठा प्रवाह आमच्या या धुळीच्या गावातून वाहत गेला आहे. येथल्या शंकर पंडितांच्या (१८६३–१९१७) घरी तर निसार हुसेनखाँ राहावयासच होते. पंडितांच्या ब्राह्मणी घरात हे खाँसाहेब इतके मिसळून गेले की स्वतःला 'निसार भट' म्हणवून घेत असे सांगतात. त्या घरात मुलांना गाणे 'शिकविण्या'ची गरज किती पडली असेल? भिंतीच गात होत्या म्हणा ना.

त्याच घरातल्या कृष्णराव शंकर पंडितांनी (१८९३–१९८९) १९१४ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, गांधर्व महाविद्यालय काढले. वडिलांच्या नावाने तेच पुढे शंकर गांधर्व महाविद्यालय झाले. चार वर्षांनी, जानेवारी १९१८ मध्ये, माधवराव शिंदे महाराजांनी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय स्थापिले. भातखंड्यांची पद्धत आणि स्वरलेखन शिकून यावे म्हणून ग्वाल्हेरच्या काही गवयांना मुंबईस पाठविण्यात आले. त्यांत राजाभैया पूछवाले (१८८२–१९५६) होते. राजाभैयांनी त्याआधी शंकर पंडितांपाशी वर्षानुवर्षे तालीम घेतलेली होती. पस्तिशीला टेकलेला, गळा तयार असलेला हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थी होऊन वहीपेन्सिल घेऊन बसला, परत आला आणि पुढे अनेक वर्षे या महाविद्यालयाचा आधारस्तंभ झाला. 'तानमालिका' त्यांचीच. शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याला राजाभैयांच्या मैफलींहूनही त्यांचे ते पुन्हा शाळेत जाऊन बसणे अधिक मोठे वाटते.

शाळा काढून गवई निपजत नाहीत, असे तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. त्यात तथ्य आहेच. घंटेच्या ठोक्यावर यमन संपवून भूप सुरू करता येत नाही. पण तानसेन घडला नाही तरी कानसेन घडावा, असेही आपल्याकडे म्हणतात. उस्तादाच्या घरी ज्यांना उंबरठा ओलांडता आला नसता अशा कारकुनांच्या, दुकानदारांच्या, शिंप्यांच्या मुलांना, आणि मुख्य म्हणजे मुलींना, या विद्यालयांनी तंबोऱ्यापाशी बसविले. हे काम लहान नव्हे.

आता त्या पहिल्या गाण्याकडे वळू. ध्रुपद म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे काहीतरी रुक्ष, दगडी उभे राहते. एकदा जवळ बसून ऐकावे. पखवाजावर चौताल चाललेला असतो. मात्रा बारा. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर टाळी. तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात नुसता फिरवावयाचा. वाचकांनी हे वाचता वाचताच मांडीवर करून पाहावे. चार आवर्तनांत हात बसतो. सकाळची सभा असेल तर राग बहुधा भैरवासारखा सकाळचा. कोमल ऋषभ आणि कोमल धैवत हे त्याचे दोन प्राण. हे स्वर आंदोलित करावयाचे असतात, हलवावयाचे नसतात. आणि वीस गळ्यांनी ते एकाच मापाने झुलवावयाचे म्हणजे काय ते थंडीत कुडकुडणाऱ्या त्या मुलांनाच विचारा.

बंदिश एकदा सरळ म्हणून झाली की दुगुन येते. पखवाजाची चाल तीच, पण एका आवर्तनात जी ओळ एकदा बसत होती ती आता दोनदा बसवावयाची. मग तिगुन, मग चौगुन. पखवाज आपला संथच चाललेला, आणि वर शब्द चौपट वेगाने धावत आहेत. येथे एखादा मुलगा अर्ध्या मात्रेने पुढे गेला तर साऱ्यांची गाडी रुळावरून घसरते. म्हणून त्यांच्या डोळ्यांकडे पाहावे. प्रत्येक जण शेजाऱ्याचा श्वास ऐकत असतो. आणि मग सगळे मिळून नेमके समेवर येतात. त्या क्षणी एखाद्या छोट्या मुलीच्या चेहऱ्यावर जे हसू फुटते, ते मोठमोठ्या गवयांच्या चेहऱ्यावर आम्ही क्वचितच पाहिले आहे. मोठ्यांना सम सापडणारच याची खात्री असते.

हे सारे आम्हांस कसे दिसू लागले, ते सांगणे थोडे जड जाते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही नुकतेच एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झालो होतो. नववीत एक मुलगा होता. वडील भाजीची हातगाडी लावीत. सकाळच्या प्रार्थनेत त्याचा आवाज इतरांच्या वर निघे, आणि तो ओरडत नसे. कोणा सद्गृहस्थाने त्याला एका संगीत विद्यालयाच्या सायंवर्गात नेऊन बसविले. वर्ग आमच्या शाळेच्या शेवटच्या तासाच्या मध्येच सुरू होई. मुलगा आमच्या खोलीत आला आणि आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास लवकर जाऊ देण्याविषयी त्याने विनंती केली. आम्ही नियम सांगितला. एकाला सोडले तर उद्या दहा जण येतील, हेही सांगितले. "पहले दसवीं कर लो, फिर गाना," असे आम्ही म्हणालो, आणि आपण हिताचेच बोललो याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्याने मान डोलाविली. पुन्हा तो कधी विचारावयास आला नाही. दहावी झाला, दुसऱ्या श्रेणीत झाला.

त्यानंतर पाचसहा हिवाळे गेले. एके वर्षी पाहुण्यांच्या आग्रहामुळे आम्ही हजिऱ्याच्या सकाळच्या सभेला वेळेआधी पोचलो. मुलांचे ध्रुपद चालू होते आणि आम्ही, सवयीप्रमाणे, पाहुण्यांना मकबऱ्याचा इतिहास सांगत होतो. गाणे संपल्यावर ध्वनिक्षेपकाच्या यंत्रापाशी उकिडवा बसलेला एक तरुण उठला, तारांच्या भेंडोळ्यांतून वाट काढीत आमच्यापाशी आला आणि वाकून पाया पडला. मंडपवाल्याकडे तो कामाला होता. आम्ही ओळखले, पण नाव आठवीना. तोच म्हणाला, "सर, बीच वाला तानपूरा उतर गया था। बच्चों ने फिर भी सुर नहीं छोड़ा।"

आम्ही तेथेच बसलो होतो. आम्हांस यांतले काहीही ऐकू आले नव्हते.

काही तरी बोलावयाचे म्हणून आम्ही विचारले, "अब गाते हो?" तो हसला आणि म्हणाला, "सुनता हूँ, सर।" इतक्यात ध्वनिक्षेपकाने शीळ घातली आणि तो धावत गेला. त्या दिवशी पुढे कोण गायले, कोण वाजविले, ते आता आमच्या स्मरणात नाही.

सुटीनंतर शाळेत गेल्यावर आम्ही वेळापत्रक पुढे घेतले. ज्या विद्यार्थ्यांना संगीताच्या वर्गाला जावयाचे असेल त्यांच्या वर्गांचा खेळाचा तास शेवटी टाकला की प्रश्न सुटत होता. एका दुपारचे काम. त्यासाठी कोणाचीही मंजुरी लागली नाही, की कोणताही नियम वाकवावा लागला नाही. हेच आम्हांस आजही अधिक बोचते.

सध्या आमच्या शाळेतल्या दोन मुली अशा रीतीने सायंवर्गाला जातात. त्यांतली एक यंदा समूहात बसेल असा रंग दिसतो. चौगुनीत तिचा श्वास अपुरा पडतो, म्हणून मधल्या सुटीत ती पटांगणाच्या कडेने मात्रा मोजत चालत असते. आम्ही दिसलो की हात पाठीमागे लपविते. तिच्या आजीला हजिऱ्यास यावयाचे आहे, परंतु नेमक्या त्याच दिवसांत घरात कोणाचे तरी लग्न निघण्याची चिन्हे आहेत. लग्नाला साऱ्यांनाच जावे लागणार. मग समोरच्या खुर्च्यांवर कोण बसणार?

आमची मराठी घरे येथे दोनशे वर्षांपासून नांदत आहेत. दानाओळीत, जिवाजीगंजात, शिंद्यांच्या छावणीत एके काळी ज्या वाड्यांतून संध्याकाळी तंबोरे ऐकू येत, त्यांतले पुष्कळ वाडे आता उतरले, मुले पुण्याबंगळुरास गेली. घराणे कोणाच्या गळ्यात राहिले याचा हिशेब पंडितांनी मांडावा. आमचा प्रश्न साधा आहे. ज्या गावात पोरांना पडद्याआड बसवून ऐकविले, त्याच गावात पोरे उजेडात बसून गातात तेव्हा ऐकावयास आपण असतो का? गाणाऱ्या मुलाला समोर कोण आहे हे फार लवकर कळते. मांडीवर चौताल धरणारा एक म्हातारा जरी समोर दिसला, तरी तिगुनीत सुटू पाहणारी मात्रा हाती येते, असे एका गुरुजींनीच आम्हांस सांगितले.

तेव्हा यंदा येणाऱ्यांसाठी चार गोष्टी. समारोहाच्या तारखा आणि सभांच्या वेळा वर्तमानपत्रात पाहाव्यात. प्रवेशाला तिकीट नाही. सकाळच्या सभेला छापील वेळेच्या अर्धा तास आधी पोचावे. पुढे जागा हमखास मिळते. कानटोपी, शाल आणि चहाचा थर्मास बरोबर ठेवावा, कारण मुले गात असताना चहा शोधत हिंडणे बरे नव्हे. लहान मुलांना अवश्य आणावे. तीन तासांच्या मैफलीत ती कंटाळतात, पण पंधरा मिनिटे आपल्याच वयाच्या मुलांचे गाणे ती डोळे विस्फारून ऐकतात, हा आमचा अनुभव आहे. एक सभा बेहटला, म्हणजे तानसेनाच्या जन्मगावी, झिलमिल नदीच्या काठी कललेल्या शिवमंदिरापाशी होते. गाव येथून दूर आहे, तेव्हा वाहनाची सोय आदल्या दिवशीच करावी. ज्यांना डिसेंबरात येणे जमणार नाही त्यांनी वसंतपंचमीच्या सुमारास यावे. त्या वेळी संगीत विद्यालयांतून सरस्वतीपूजन होते आणि मुले गातात. तेथे ध्वनिक्षेपकाचीही गरज पडत नाही.

सकाळच्या सभेच्या दिवशी आम्ही फाटकाच्या डाव्या हाताला, चहाच्या टपरीपाशी, सव्वानऊपासून उभे असू. बरोबर गजकाचा पुडा असेल. इंदूरच्या भाचीने यंदा यावयाचे कबूल केले आहे. तिची गाडी वेळेवर आली म्हणजे मिळविली.